ज्येष्ठांचा फ्लू आणि अँटीव्हायरल औषधं : कधी सुरू करायची, किती द्यायची, कुठे चुकतं

खलबत्ता (धागाकर्ता)

घरात पासष्टीपुढच्या माणसाला फ्लू झाल्याची शंका आली की दोन वाक्यं हमखास ऐकू येतात. एक, "ताप तर फारसा नाही." दुसरं, "रिपोर्ट येऊ दे, मग बघू." या दोन वाक्यांत जे दोन दिवस जातात, तेच औषधाच्या कामाचे असतात. म्हणून हा धागा.

आधी औषध काय करतं ते पाहू. फ्लूचा विषाणू पेशीत शिरतो, स्वतःच्या प्रती काढतो आणि त्या नव्या प्रती पेशीच्या बाहेर पडून शेजारच्या पेशी गाठतात. बाहेर पडताना पेशीच्या पृष्ठभागाला चिकटलेली नाळ तोडावी लागते. ती तोडणारं विकर (एन्झाइम) म्हणजे न्यूरामिनिडेज. ओसेल्टामिविर (टॅमीफ्लू हे त्याचं सर्वांत ओळखीचं नाव), झानामिविर आणि पेरामिविर ही तिन्ही औषधं या विकराला अडवतात. बॅलोक्साविर एक पायरी आधी काम करतं, प्रती काढायची सुरुवातच रोखतं. यातलं एकही औषध आधीच बिघडलेल्या पेशी दुरुस्त करत नाही. विषाणूंची संख्या पहिल्या दोन-तीन दिवसांत शिखरावर असते, म्हणून लक्षणं सुरू झाल्यापासून 48 तासांच्या आत औषध सुरू करण्यावर एवढा भर असतो. सहाव्या तासाला सुरू केलेलं चाळिसाव्या तासापेक्षा चांगलं. 48 हा आकडा म्हणजे तोवर निवांत राहायची सवलत नाही.

उपचाराचे डोस, मूत्रपिंड ठीक असलेल्या प्रौढासाठी:

ओसेल्टामिविर 75 मिग्रॅ, दिवसातून दोनदा, 5 दिवस, तोंडाने.
झानामिविर 10 मिग्रॅ (5 मिग्रॅचे दोन झुरके), दिवसातून दोनदा, 5 दिवस, श्वासावाटे.
पेरामिविर 600 मिग्रॅ, शिरेतून एकदाच, 15 ते 30 मिनिटांत.
बॅलोक्साविर एकदाच, तोंडाने. वजन 80 किलोपेक्षा कमी असेल तर 40 मिग्रॅ, 80 किंवा त्याहून जास्त असेल तर 80 मिग्रॅ.

अमँटाडिन आणि रिमँटाडिन ही जुनी औषधं आता फ्लूसाठी मोजू नका. ब प्रकारच्या विषाणूवर ती कधीच चालत नव्हती आणि अ प्रकारचे हल्ली फिरणारे विषाणू त्यांना दाद देत नाहीत. शिवाय अमँटाडिनने वयस्कर माणूस गोंधळतो, पडतो. कुणाला ते पार्किन्सनसाठी चालू असेल तर "फ्लूचं औषध चालूच आहे" असं समजू नये, आणि आपल्या मनाने बंदही करू नये.

ही सगळी डॉक्टरांच्या चिठ्ठीची औषधं आहेत. पण चिठ्ठी लिहिणाऱ्याला योग्य माहिती वेळेत पोचवणं घरच्यांच्या हातात असतं, म्हणून एवढं तपशिलात लिहिलं.

---

निशिगंध

चांगला धागा. वयस्करांत फ्लू ओळखायचा कसा, हे आधी यायला हवं होतं. पुस्तकातला फ्लू म्हणजे सणकून ताप, अंगदुखी, खोकला. ऐंशीच्या माणसात यातलं काहीच नसू शकतं. अचानक जेवण टाकलं, कालपर्यंत स्वतः उठणारा आज उठेना, बोलण्यात गोंधळ, विनाकारण पडणं, किंवा जुनी धाप एकदम वाढणं, एवढंच दिसतं.

तापाचाही आकडा वेगळा धरावा. वयानुसार मुळातलं तापमान खाली असतं. संस्थेत राहणाऱ्या ज्येष्ठांसाठी तोंडात एकदा मोजलेलं 37.8 अंश सेल्सियसच्या वर, किंवा त्या माणसाच्या नेहमीच्या तापमानापेक्षा 1.1 अंशाने जास्त, म्हणजे ताप धरतात. नेहमी 36.2 असणाऱ्याचं 37.4 झालं तर तो ताप आहे, थर्मामीटर काहीही सुचवो. त्यासाठी बरं असताना चार दिवस मोजून नेहमीचं तापमान लिहून ठेवलेलं असावं लागतं.

---

पाणवठा

रॅपिड टेस्ट निगेटिव्ह आली तर औषध थांबवायचं का?

---

खलबत्ता

@पाणवठा, रॅपिड अँटिजेन टेस्टची संवेदनशीलता साधारण 50 ते 70 टक्के. म्हणजे खरोखर फ्लू असलेल्या दहा जणांपैकी तीन ते पाच जणांना ती "नाही" म्हणून सांगते. फ्लूची साथ चालू असेल आणि लक्षणं जुळत असतील तर वयस्कर माणसात निगेटिव्ह रॅपिडवर विसंबून औषध अडवू नये. पीसीआर पाठवावी आणि पहिला डोस द्यावा. पीसीआर निगेटिव्ह आली तर औषध थांबवता येतं. गेलेले दोन दिवस परत आणता येत नाहीत.

पॉझिटिव्ह रॅपिड मात्र साथीच्या काळात बऱ्यापैकी खरी धरावी.

---

गाळणी

मूत्रपिंडाचा मुद्दा सविस्तर लिहितो, कारण ज्येष्ठांत सर्वाधिक चुका इथेच होतात, त्याही दोन्ही बाजूंनी.

ओसेल्टामिविर गिळलं की यकृतात त्याचं खऱ्या कामाच्या रूपात रूपांतर होतं आणि ते रूप जवळजवळ सगळं लघवीवाटे बाहेर पडतं. त्यामुळे यकृताच्या सौम्य-मध्यम बिघाडात डोस बदलत नाही, मूत्रपिंडाच्या बिघाडात बदलतो. ज्येष्ठांच्या रक्तात औषधाचं प्रमाण तरुणांपेक्षा 25 ते 35 टक्के जास्त सापडतं, पण निव्वळ वयासाठी डोस कमी करायचा नसतो. "वय झालंय, अर्धीच देऊ" ही पहिली चूक. दुसरी चूक याच्या उलट: "क्रिएटिनिन नॉर्मल आहे" म्हणून पूर्ण डोस.

क्रिएटिनिन हा स्नायूंतून येणारा, मूत्रपिंडाने रक्तातून गाळायचा टाकाऊ पदार्थ. स्नायू झिजलेल्या माणसात ते कमीच तयार होतं, म्हणून रिपोर्टवरचा आकडा साळसूद दिसतो. औषधाच्या डोससाठी क्लिअरन्स, म्हणजे मूत्रपिंड मिनिटाला किती मिली रक्तातलं क्रिएटिनिन साफ करतं तो आकडा, काढावा लागतो, कॉकक्रॉफ्ट-गॉल्टच्या सूत्राने:

(140 − वय) × वजन किलोत ÷ (72 × क्रिएटिनिन, मिग्रॅ प्रति डेसिलिटरमध्ये). स्त्री असेल तर आलेल्या उत्तराला 0.85 ने गुणायचं.

उदाहरण घ्या. 82 वर्षांच्या आजी, वजन 48 किलो, क्रिएटिनिन 1.0. रिपोर्टवर एकही खूण नाही. आता मांडा: 58 गुणिले 48 म्हणजे 2784. भागिले 72 म्हणजे 38.7. गुणिले 0.85 म्हणजे सुमारे 33. "नॉर्मल" क्रिएटिनिनच्या या आजींना 75 मिग्रॅ दोनदा नव्हे, 30 मिग्रॅ दोनदा द्यायचं आहे.

याच आजींनी तापात दोन दिवस पाणी कमी प्यायलं आणि क्रिएटिनिन 1.3 झालं, तर उत्तर येतं 25. डोस आणखी उतरतो, 30 मिग्रॅ दिवसातून एकदाच. म्हणून सहा महिन्यांपूर्वीचा रिपोर्ट सुरुवातीला चालेल, पण आजारात ताजा करून घ्यावा. क्रिएटिनिन झपाट्याने वाढत असेल तर हे सूत्रही मागे पडतं, खरा क्लिअरन्स उत्तरापेक्षा कमीच असतो.

उपचाराचे टप्पे, क्लिअरन्सच्या आकड्यानुसार:
60 च्या वर: 75 मिग्रॅ दिवसातून दोनदा.
30 ते 60: 30 मिग्रॅ दिवसातून दोनदा.
10 ते 30: 30 मिग्रॅ दिवसातून एकदा.

प्रतिबंधासाठी:
60 च्या वर: 75 मिग्रॅ दिवसातून एकदा.
30 ते 60: 30 मिग्रॅ दिवसातून एकदा.
10 ते 30: 30 मिग्रॅ एक दिवसाआड.

डायलिसिसचं गणित निराळं आहे, कुणी विचारलं तर लिहितो. डायलिसिस सुरू नसलेल्या, मूत्रपिंड पूर्ण निकामी झालेल्या रुग्णांना हे औषध देण्याची शिफारस नाही.

---

निशिगंध

@गाळणी, रिपोर्टवर हल्ली ईजीएफआर (मूत्रपिंडाच्या गाळण्याच्या वेगाचा अंदाज) छापून येतो. तोच वापरला तर?

---

गाळणी

ईजीएफआर एका ठरावीक शरीरपृष्ठावर, 1.73 चौरस मीटरवर, बसवलेला असतो. 48 किलोच्या लहानखुऱ्या माणसाचं पृष्ठ त्याहून बरंच कमी, म्हणून रिपोर्टवरचा आकडा वाजवीपेक्षा जास्त दिसतो. ओसेल्टामिविरचे टप्पे क्रिएटिनिन क्लिअरन्सवर ठरलेले आहेत. वजन माहीत असेल तर सूत्रच वापरावं. आणि वजन आत्ताचं हवं, दोन वर्षांपूर्वीचं नको.

---

पडताळा

इथे सगळे औषध गृहीत धरून चाललेत, म्हणून पुराव्यांचीही बाजू मांडतो. 2014 च्या कॉक्रेन (वैद्यकीय चाचण्यांचे पुरावे एकत्र तपासणारी संस्था) आढाव्यात ओसेल्टामिविरने प्रौढांची लक्षणं सरासरी 16.8 तासांनी कमी झाली, म्हणजे 7 दिवसांचा आजार 6.3 दिवसांवर. 2023 साली प्रसिद्ध झालेल्या, बाहेररुग्णांवरच्या चाचण्यांच्या आढाव्यात रुग्णालयात दाखल होण्याचं प्रमाण कमी झाल्याचं सिद्ध झालं नाही, पासष्टीपुढच्यांतही नाही. मळमळ आणि उलटी मात्र नक्की वाढते. तर मग एवढी घाई कशासाठी?

---

खलबत्ता

@पडताळा, मुद्दा रास्त आहे आणि दोन्ही आकडे बरोबर आहेत. पण त्यांचा अर्थ नीट लावायला हवा.

कॉक्रेनमधले बहुतेक रुग्ण मुळात धडधाकट प्रौढ होते. 2023 च्या आढाव्यात दाखल होणाऱ्यांची संख्याच इतकी थोडी होती की उत्तराचा पल्ला "निम्म्याने घट" ते "थोडी वाढ" इतका रुंद राहिला. पासष्टीपुढच्या गटात तर तो आणखी रुंद. "फायदा सिद्ध झाला नाही" आणि "फायदा नाही असं सिद्ध झालं" या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

दुसरीकडे, 2020 मध्ये प्रसिद्ध झालेली, युरोपातल्या प्राथमिक दवाखान्यांतल्या 3266 रुग्णांवरची चाचणी पाहा. सरसकट सर्वांत बरं होणं साधारण एका दिवसाने अलीकडे आलं. पण 65 च्या पुढचे, सहव्याधी असलेले, जास्त आजारी आणि उशिरा आलेले रुग्ण दोन ते तीन दिवस आधी सावरले. घरात उठता-बसता येणं तीन दिवस आधी परतणं ही ऐंशीच्या माणसासाठी छोटी गोष्ट नव्हे. अंथरुणावरच्या प्रत्येक दिवसाची किंमत त्या वयात पायांतली ताकद देऊन मोजावी लागते.

दाखल रुग्णांसाठी 2014 मध्ये 29,000 हून अधिक रुग्णांच्या नोंदी एकत्र करून पाहिल्या गेल्या, 2009 च्या एच1एन1 साथीतल्या. ज्यांना दोन दिवसांच्या आत औषध मिळालं त्यांच्यात मृत्यूचा धोका उशिरा मिळालेल्यांच्या निम्म्याच्या आसपास होता. हा निरीक्षणात्मक पुरावा आहे, चाचणीचा नाही, हेही मान्य.

जागतिक आरोग्य संघटनेच्या 2024 च्या मार्गदर्शक सूचनांत गंभीर आजारासाठी ओसेल्टामिविर आणि गंभीर नसलेल्या पण बिघडण्याचा धोका जास्त असलेल्यांसाठी बॅलोक्साविर, अशी विभागणी आहे. दोन्ही शिफारशी सशर्त. अमेरिकेची सीडीसी (तिथली सरकारी रोगनियंत्रण संस्था) ज्येष्ठांना बाहेररुग्ण म्हणून दोन्हींपैकी काहीही लवकर द्या म्हणते. माझं मत: तरुण, निरोगी माणसात तुमची शंका मला पटते. पंचाहत्तरीच्या, हृदय-फुप्फुसाचा आजार असलेल्या माणसात मी थांबणार नाही.

---

पडताळा

ठीक. धडधाकट सदुसष्टीच्या आणि सहव्याधी असलेल्या पंचाऐंशीच्या माणसाला एकाच फूटपट्टीने मोजू नये, एवढं मान्य झालं तर माझी हरकत उरत नाही.

हृदयाबद्दल एक भर: 2018 साली प्रसिद्ध झालेल्या कॅनडातल्या अभ्यासात फ्लू प्रयोगशाळेत सिद्ध झाल्यानंतरच्या पहिल्या 7 दिवसांत हृदयविकाराच्या झटक्याचं प्रमाण सहापट आढळलं. त्यामुळे त्या आठवड्यात छातीत दुखलं, जबडा-हात भरून आला, घाम फुटला तर "फ्लूची अंगदुखी" म्हणून सोडू नये. ॲस्पिरिन किंवा बीपीच्या नेहमीच्या गोळ्या डॉक्टरांना न विचारता बंद करू नयेत.

---

शुश्रूषा

प्रतिबंधाबद्दल लिहिते, विशेषतः वृद्धाश्रम आणि शुश्रूषागृहांसाठी. एका इमारतीत राहणारी, एकाच पंगतीत जेवणारी माणसं, त्यामुळे एकातून दुसऱ्यात फ्लू दोन दिवसांत जातो.

नियम सोपा आहे. 72 तासांच्या आत दोघेजण आजारी पडले आणि त्यांतल्या एकाचा फ्लू तपासणीत सिद्ध झाला, की त्या विभागातल्या लक्षणं नसलेल्या सर्व रहिवाशांना प्रतिबंधात्मक डोस सुरू करायचा. लस घेतलेली असो वा नसो. लक्षणं असलेल्यांना उपचाराचा डोस. किती दिवस? किमान दोन आठवडे, आणि शेवटचा नवा रुग्ण सापडल्यानंतर पुढे 7 दिवस होईपर्यंत, यांत जे लांब असेल ते.

2001 साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत अशाच संस्थांतल्या ज्येष्ठांना सहा आठवडे दिवसातून एकदा 75 मिग्रॅ दिलं होतं. फ्लूचं प्रमाण 4.4 टक्क्यांवरून 0.4 टक्क्यांवर आलं. त्यांतल्या बहुसंख्यांनी लस घेतलेली होती, म्हणजे हा फायदा लशीच्या वरचा होता.

हे कुठे फसतं:

एक, साथ आल्यावर वजन-क्रिएटिनिन शोधायला लागतात आणि दोन दिवस जातात. हंगाम सुरू व्हायच्या आधी प्रत्येकाचं एक पान तयार हवं: आजचं वजन, शेवटचं क्रिएटिनिन तारखेसह, काढलेला क्लिअरन्स, त्यानुसार उपचाराचा डोस आणि प्रतिबंधाचा डोस, कॅप्सूल गिळता येते की नाही, दमा आहे का, डायलिसिस आहे का, कुटुंबाची संमती.

दोन, पाचव्या दिवशी "आता कुणी आजारी नाही" म्हणून औषध बंद होतं. औषध घेत असेपर्यंतच ते राखतं, बंद केल्यावर त्याचा काहीही साठा उरत नाही.

तीन, कर्मचारी विसरले जातात. लस न घेतलेल्या कर्मचाऱ्यांनाही प्रतिबंधात्मक डोस द्यावा. त्याच दिवशी लस टोचली तर प्रतिकारशक्ती तयार व्हायला दोन आठवडे लागतात, तोवर औषध चालू ठेवावं. टोचायची लस आणि ओसेल्टामिविर एकमेकांच्या आड येत नाहीत. नाकात फवारायच्या जिवंत विषाणूच्या लशीचं तसं नाही, पण ती ज्येष्ठांना देतच नाहीत.

चार, आणि ही सर्वांत धोक्याची. प्रतिबंधाचा डोस घेणाऱ्याला खोकला सुरू होतो आणि "औषध चालू आहेच की" म्हणून तोच एकवेळचा डोस पुढे चालतो.

---

गाळणी

चौथ्या मुद्द्याचं कारण जोडतो. शरीरात विषाणू वाढत असताना अर्धा डोस मिळाला तर औषधाला न जुमानणारे विषाणू तेवढे तग धरतात आणि तेच वाढतात. एच1एन1 मध्ये एच275वाय नावाचा बदल असाच आढळतो. हा बदल झाला की ओसेल्टामिविर निकामी होतं, झानामिविर मात्र बहुधा चालतं. 2008-09 च्या हंगामात तेव्हाचा नेहमीचा एच1एन1 जवळजवळ पूर्ण ओसेल्टामिविरला प्रतिरोधी झाला होता. पुढे 2009 च्या साथीच्या विषाणूने त्याची जागा घेतली आणि औषध पुन्हा कामाचं ठरलं.

म्हणून प्रतिबंध चालू असताना लक्षण दिसलं की त्याच दिवशी नमुना पाठवायचा आणि डॉक्टरांना विचारून उपचाराच्या पूर्ण डोसवर जायचं, किंवा दुसऱ्या गटातलं औषध निवडायचं.

---

पाणवठा

आणि घरातलं काय? नातवाला फ्लू, आजोबा त्याच खोलीत. आजोबांना सुरू करावं का?

---

शुश्रूषा

@पाणवठा, तीन गोष्टी पाहायच्या. शेवटचा जवळचा संपर्क 48 तासांच्या आतला आहे का? आजोबांना आत्ता खरोखर कसलंही लक्षण नाही ना? आणि त्यांचा धोका किती, म्हणजे वय, फुप्फुस, हृदय, मधुमेह, प्रतिकारशक्ती दाबणारी औषधं, यंदाची लस? धोका जास्त असेल तर ओसेल्टामिविर दिवसातून एकदा, शेवटच्या संपर्कापासून 7 दिवस. औषधाच्या माहितीपत्रकात 10 दिवस दिलेले असतात, डॉक्टर त्यांपैकी एक ठरवतात. 48 तास उलटले असतील तर प्रतिबंध सहसा सुरू करत नाहीत. मग लक्ष ठेवायचं आणि पहिल्या लक्षणाला थेट उपचाराचा डोस. ही दुसरी वाटही चांगली आहे, फक्त फोन कुणाला करायचा आणि औषध कुठून येणार हे आधी ठरलेलं हवं.

बॅलोक्साविरचा एकच डोसही संपर्कानंतर देता येतो. जपानमधल्या घरगुती संपर्कांच्या चाचणीत फ्लू होणाऱ्यांचं प्रमाण 13.6 टक्क्यांवरून 1.9 टक्क्यांवर आलं होतं.

आणि नातवाला वेगळ्या खोलीत झोपवा, खिडक्या उघड्या ठेवा. गोळी हे काम करत नाही.

---

दवबिंदू

बॅलोक्साविर एकदाच घ्यायचं म्हणजे ज्येष्ठांना सोयीचं. मग सगळ्यांना तेच का देत नाहीत?

---

खलबत्ता

सोयीचं आहेच. पाच दिवस दोनदा आठवण ठेवायला नको, मळमळही कमी. जास्त धोक्याच्या रुग्णांवरच्या चाचणीत लक्षणं सुधारायला लागलेला मध्यक वेळ (निम्मे रुग्ण त्याआधी सुधारले) बॅलोक्साविरने 73.2 तास, ओसेल्टामिविरने 81, नुसत्या दिखाऊ गोळीने 102.3 तास आला. ब प्रकारच्या फ्लूत तर ते ओसेल्टामिविरपेक्षा साधारण एका दिवसाने सरस ठरलं.

अडचणी अशा. दूध, दही, कॅल्शियम घातलेली पेयं, तसंच कॅल्शियम, लोह, मॅग्नेशियम, झिंक, सेलेनियम असलेल्या गोळ्या, ॲसिडिटीची पांढरी औषधं आणि काही रेचकं यांच्याबरोबर घेतलं तर ते आतड्यात त्या धातूंना चिकटतं आणि रक्तात कमी पोचतं. ज्येष्ठांच्या डबीत यांतलं काही ना काही असतंच. पाच दिवसांच्या औषधात एक डोस वाया गेला तर नऊ उरतात. इथे एकच डोस, तो दुधाबरोबर गेला तर दुरुस्तीला जागा नाही. म्हणून देताना नेहमीच्या गोळ्यांची डबी समोर उघडून एकेक वाचावी आणि साध्या पाण्याबरोबर गोळी द्यावी.

वजन अंदाजाने लिहू नये, कारण 80 किलोवर डोस दुप्पट होतो. प्रतिकारशक्ती फारच दबलेल्यांत एकटं बॅलोक्साविर टाळतात, कारण उपचारादरम्यान प्रतिरोधी विषाणू निघू शकतो. आणि दाखल, गंभीर रुग्णांत पहिली पसंती अजून ओसेल्टामिविरच.

---

दवबिंदू

आणि श्वासाने घ्यायचं झानामिविर?

---

शुश्रूषा

कागदावर छान, हातात अवघड. चकतीवरचा फुगा टोचून उघडायचा, तोंडात पकडून जोरात, खोल श्वास ओढायचा, थोडा रोखायचा, मग दुसरा फुगा. संधिवाताची बोटं, थरथर, विस्मरण किंवा कमी श्वास असलेल्याला हे जमत नाही. एकदा शिकवून जमलं तरी दुसऱ्या दिवशी विसरलेलं असतं, म्हणून समोर करून घ्यावं.

दमा किंवा सीओपीडी (श्वासनलिका कायमच्या अरुंद झालेला फुप्फुसाचा जुना आजार) असेल तर टाळावं, श्वासनलिका आकसू शकतात. दुधातल्या प्रथिनाची ॲलर्जी असेल तरीही नको, कारण भुकटीत लॅक्टोज असतं. ही भुकटी पाण्यात कालवून नेब्युलायझरमध्ये किंवा व्हेंटिलेटरच्या नळीत कधीही घालू नये. लॅक्टोजने यंत्र तुंबतं.

---

पाणवठा

कॅप्सूल गिळता येत नसेल तर?

---

खलबत्ता

ओसेल्टामिविरचं द्रव रूप मिळतं, तयार झाल्यावर दर मिलीत 6 मिग्रॅ. म्हणजे 30 मिग्रॅ म्हणजे 5 मिली, 75 मिग्रॅ म्हणजे 12.5 मिली. दरवेळी बाटली नीट हलवायची आणि मिलीच्या खुणा असलेल्या पिचकारीनेच मोजायचं, घरातल्या चमच्याने नाही. पूर्वी दर मिलीत 12 मिग्रॅची बाटलीही यायची, त्यामुळे जुन्या चिठ्ठीवरचे मिली डोळे झाकून वापरू नका, मिग्रॅवरून पुन्हा काढा. तयार द्रव फ्रिजमध्ये 17 दिवस, 25 अंशांपर्यंतच्या खोलीत 10 दिवस टिकतो. त्यात सॉर्बिटॉल असतं, त्याने काहींना जुलाब होतात.

द्रव नसेल तर कॅप्सूल उघडून भुकटी साखरेच्या दाट पाण्यात किंवा एखाद्या गोड सिरपमध्ये कालवता येते. चव कडू असते, म्हणून गोड आणि थोडंसंच घ्यावं, वाटीभर नको. अर्धं उरलं तर अर्धा डोस गेला. 75 च्या कॅप्सूलमधून अंदाजाने 30 काढायचा प्रयत्न करू नका, 30 ची कॅप्सूल मिळते.

जेवणानंतर किंवा काही खाऊन घेतलं तर मळमळ कमी होते. डोस चुकला तर आठवताच घ्यावा. पुढच्या डोसला दोन तासांपेक्षा कमी उरले असतील तर चुकलेला सोडून द्यावा, दुप्पट घेऊ नये.

---

निशिगंध

औषध सुरू झाल्यावर रात्री माणूस बरळायला लागला, कपडे ओढायला लागला, तर दोष औषधाला देऊन ते बंद केलं जातं. ओसेल्टामिविरबरोबर वागण्यातल्या बदलांच्या नोंदी आहेत हे खरं, पण फ्लूने स्वतःच वयस्कर मेंदू गोंधळतो. आधी हे तपासा: बोटावरचा ऑक्सिजन, रक्तातली साखर, लघवी तुंबली आहे का, पाणी किती प्यायले, सोडियम, आणि डोस क्लिअरन्सनुसार आहे का. मग सर्दीच्या गोळ्यांचं पाकीट पाहा. झोप आणणारी जुनी ॲलर्जीची औषधं त्यांत असतात. ती गोंधळही घालतात आणि प्रोस्टेट मोठी असलेल्यांची लघवीही अडवतात. नाक मोकळं करणाऱ्या गोळ्यांनी बीपी चढतं.

तापासाठी पॅरासिटामॉल बरं. आयबुप्रोफेनसारखी वेदनाशामकं, लघवी वाढवणारी गोळी आणि बीपीची काही औषधं एकत्र, त्यात पाणी कमी, म्हणजे मूत्रपिंडावर थेट घाव. मग वर @गाळणी यांनी काढलेला 33 चा 25 व्हायला वेळ लागत नाही.

रक्त पातळ करणारं वॉरफरिन चालू असेल तर आजारपणात आयएनआर (रक्त गोठायला किती वेळ लागतो याची तपासणी) लवकर करून घ्या. जेवण घटतं, ताप असतो, सोबत अँटिबायोटिक आलं तर रक्त जास्तच पातळ होतं. गाउटसाठी प्रोबेनेसिड घेत असाल तर तेही सांगा. ते ओसेल्टामिविर लघवीवाटे जाऊ देत नाही, रक्तातलं प्रमाण साधारण दुप्पट होतं.

---

दवबिंदू

तिसरा-चौथा दिवस उजाडला असेल तर औषधाचा उपयोग संपला का?

---

निशिगंध

घरी आहे, हळूहळू सुधारतोय, तर सहसा सुरू करत नाहीत. पण धाप आहे, ऑक्सिजन उतरतोय, गोंधळ वाढतोय, रुग्णालयात दाखल केलंय, तर 48 तास उलटले तरी औषध सुरू करतात. अशक्त ज्येष्ठांत विषाणू जास्त दिवस वाढत राहतो.

एक वेगळा प्रसंग ओळखा. तीन-चार दिवसांनी बरं वाटायला लागलं, जेवले, बसले, आणि मग पुन्हा ताप चढला, बेडका पिवळा-लालसर झाला. हा फ्लू लांबला नाही, फ्लूवर जिवाणूंचा न्यूमोनिया आला. इथे अँटिबायोटिक लागतं, छातीचा एक्स-रे लागतो, आणि त्याच दिवशी.

---

पाणवठा

शेवटचं. डायलिसिसच्या रुग्णाला गोळी डायलिसिसच्या आधी द्यायची की नंतर?

---

गाळणी

नंतर. आधी दिली तर यंत्र ती रक्तातून काढून टाकतं.

उपचारासाठी: निदान होताच 30 मिग्रॅ, मग 5 दिवसांच्या आत जितक्या वेळा डायलिसिस होईल त्या प्रत्येक खेपेनंतर 30 मिग्रॅ. मधल्या दिवशी काही नाही. प्रतिबंधासाठी: लगेच 30 मिग्रॅ, मग एक खेप सोडून पुढच्या खेपेनंतर 30. पोटाच्या डायलिसिसवर असलेल्यांना उपचारासाठी 30 मिग्रॅ एकदाच, प्रतिबंधासाठी आठवड्यातून एकदा 30.

डायलिसिसच्या वहीत ही गोळी तारखेसह लिहून ठेवा. घरच्यांनी दिली, केंद्रातल्या नर्सनेही दिली, असं याच औषधात सर्रास होतं.